निधी आणि निगराणी



अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे दुष्काळी गाव. १९९०च्या दशकात आदर्श गाव योजनेचा शासकीय निधी तेथे आला. समतल चर खोदले गेले, बंधारे झाले, झाडे लागली. असा निधी इतर गावांनाही मिळतो. पण निगराणीअभावी चर गाळाने भरतात. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, सिंचनासाठी विंधनविहिरी नाकारल्या, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. अडवलेले पाणी टिकले ते या शिस्तीमुळे. आपली शाळाही साठ वर्षे केवळ अनुदानावर चालली नाही, हे आपण जाणताच. म्हणून जलसंधारणासाठी निधी मागताना देखभालीची तरतूदही मागावी आणि तिच्या हिशेबाची जबाबदारी आपण स्वीकारावी, ही विनंती.