वेदनामुक्तीचा हक्क
(जालना येथील भाषणाचा सारांश)



जन्मणाऱ्या बालकाची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व आपल्याकडे निदान कागदावर तरी मान्य झाले आहे. मरणाच्या वाटेवरील माणसाचे काय? उपचार संपले, की ‘घरी न्या, सेवा करा’ एवढेच सांगितले जाते. ते घर अंबड वा घनसावंगी तालुक्यातील शेतमजुराचे असेल, तर या सेवेचा अर्थ उघड आहे : घरातील एका बाईची मजुरी बुडते आणि रोग्याची वेदना मात्र तशीच राहते.

असाध्य रोग्यांसाठी भारतातील पहिले शुश्रूषागृह, ‘शांती अवेदना सदन’, डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे उभारले. हे कार्य थोरच आहे. परंतु दयाबुद्धी संस्थेच्या भिंतींपर्यंत पोचते. गावोगाव पोचायला हक्क लागतो.

या हक्काच्या आड कायदाच आला. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे. ते अफूपासून बनते आणि मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात. हा माल परदेशी जात राहिला; पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले, की १९९७ साली अवघ्या देशात मॉर्फिनचा वापर सुमारे १८ किलोवर आला. कायद्यात सुधारणा व्हायला २०१४ साल उजाडावे लागले.

केरळने दुसरी वाट दाखवली. १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेले काम स्वयंसेवकांनी वस्त्यांत नेले. २००८ साली राज्याने धोरण स्वीकारले आणि पंचायतींनी परिचारिका घरोघर पाठवल्या. तेथे रोग्याने इमारतीकडे जायचे नसते. सेवाच त्याच्या खाटेपाशी येते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. पण कृत्रिम श्वासयंत्र नाकारण्याचा हक्क, ते ज्याला परवडते त्याच्याच उपयोगाचा. ज्याला वेदनाशामक गोळीही मिळत नाही, त्याने काय नाकारावे?

म्हणून मागणी नेमकी हवी : जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत मॉर्फिनच्या गोळ्या, ते देण्याचे शिक्षण घेतलेला डॉक्टर आणि घरी जाणारी परिचारिका. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. या माणसांना मोर्चा काढता येत नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी चालले पाहिजे.