अफूची लढाई आणि पैनगंगेचा काठ



चीनच्या लढायांशी यवतमाळच्या कापूसवाल्याचं काय देणंघेणं, असं कोणी विचारील. १८३९ साली चीनचा अधिकारी लिन झेशू यानं इंग्रज व्यापाऱ्यांच्या अफूच्या वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या. इंग्रजांनी लढाई लादली आणि १८४२ च्या तहात हाँगकाँग घेतलं, पाच बंदरं उघडून घेतली. ती अफू पिकवली होती हिंदुस्थानच्या शेतकऱ्यानं.

खुला व्यापार म्हणजे हाच, अशी भीती पुढारी घालत आले. आम्ही म्हणतो, आधी माल निघाला कुठून ते पाहा. बिहारात अफूची मक्तेदारी कंपनी सरकारची. शेतकऱ्याला उचल देऊन बांधायचं, भाव सरकारनं ठरवायचा, माल दुसऱ्याला विकला तर गुन्हा. माळव्यात शिंदे-होळकरांचं राज्य, तिथं ही मक्तेदारी बसली नाही. तिथला माल मुंबईहून चीनला जाई, पासाचा कर भरून. कर जास्त वाटला तर सिंधमार्गे पोर्तुगीजांच्या दमणची आडवाट होती. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, आडवाट बुजली, आणि कर चढत गेला.

हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, तेव्हा पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत कापूस नेला तर आम्ही चोर! पऱ्हाटी आमची, राखण आमची, बंडी आमची, अन् नदी ओलांडायला बंदी.

चीनचा शेतकरीही गप्प बसला नाही. १८५० मध्ये ताइपिंगांचं बंड उठलं. १८५३ मध्ये त्यांनी नानजिंग जिंकलं. त्याच साली इंग्रजांनी निजामाकडून आपलं वऱ्हाड काढून घेतलं. बंड १८६४ मध्ये चिरडलं गेलं, कोट्यवधी माणसं मेली.

१९४९ ची क्रांती शेतकऱ्यांच्याच पोरांनी जिंकून दिली. जमिनी मिळाल्या. पण १९५३ मध्ये धान्याची आणि १९५४ मध्ये कापसाची सरकारी खरेदी सक्तीची झाली. पुढे जमिनीही सामुदायिक केल्या, आणि १९५९ ते ६१ च्या दुष्काळात पिकवणाराच उपाशी मेला.

१९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या शाओगांग गावी अठरा घरांनी चोरून एका कागदावर अंगठे उठवले. जमीन घरागणिक वाटून कसायची, सरकारचा वाटा चुकता करायचा, उरेल ते आपलं. आणि यापायी कोणी तुरुंगात गेलं, तर त्याची पोरं बाकीच्यांनी अठरा वर्षांची होईतो सांभाळायची.