उड्या पुरे?



सातवीपर्यंत मी शाळेत रस्त्याने क्वचितच आले. केळीच्या वाडीतून, बावखलाच्या कडेने आणि शेवटी मागची भिंत ओलांडून! आठवीत घरून ऐकलं, "आता उड्या पुरे." मी थांबले. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर.

दोन वर्षांपूर्वी लेक सोसायटीच्या कठड्यावरून उड्या मारताना दिसली आणि माझ्याही तोंडून तेच निघालं, "पुरे!" ती म्हणाली, "आई, हे पार्कूर आहे. क्लासला येऊन तर बघ."

पॅरिसजवळच्या लिस गावात डेव्हिड बेल आणि त्याच्या मित्रांनी हा प्रकार वाढवला. भिंत, कठडा, जिना, जे आडवं येईल ते अंगच्या बळावर पार करायचं. म्हणजे आपली शाळेची वाटच की!

बघायला गेले आणि शिकायला राहिले. पण आधी शिकवलं ते पडायला. चवड्यांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, आवाज होऊ द्यायचा नाही. उंचावरून उतरलो तर खांद्यावरून तिरकी कोलांटी घ्यायची, म्हणजे धक्का एकाच जागी बसत नाही.

तरी दोन फुटांच्या कठड्यासमोर मी रडवेली उभी होते. पाय तयार होते, पण तो 'पुरे' अडवत होता. तिसऱ्या दिवशी उडी मारली. लेकीने टाळ्या वाजवल्या.

आज सकाळी आपली मागची भिंत ओलांडून आले. गुडघा खरचटलाय. एवढंच सांगायचं आहे: घरातली मुलगी उड्या मारत असेल, तर तिला थांबवू नका. पडायचं कसं, ते शिकवा.