अंतऱ्यातले नाव



संगीत परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारताना आपल्या अंगी त्याची पात्रता नाही असे सांगण्याचा जो शिष्टसंप्रदाय आहे, तो मी आज मोडणार आहे. कारण कलावंताच्या अहंकाराविषयी बोलायचे योजून आलेल्या माणसाने आरंभीच खोट्या विनयाचा आश्रय करणे ही विषयाशीच प्रतारणा होईल.

अहंकार हा गवयाचा दुर्गुण आहे असे आपण सरसकट म्हणतो. पण तानपुरे जुळून झाले आहेत, तबलजीने हातोडी खाली ठेवली आहे, दोन पिढ्यांचे गाणे ऐकलेले जाणते पुढे मांडी ठोकून बसले आहेत, आणि अशा वेळी जो मनुष्य डोळे मिटून पहिला षड्ज लावतो, त्याच्या ठायी, शेकडो वर्षे थोर कंठांनी लावलेला हाच स्वर आज पुन्हा लावण्याचा आपल्यालाही अधिकार आहे, अशी निःशंक खात्री असावी लागते. ती नसलेले कितीतरी व्यासंगी गुणीजन जन्मभर माजघरातच गात राहिले, आणि त्यांच्या विनयाची स्तुती करणाऱ्यांना त्यांचे गाणे कधीच ऐकायला मिळाले नाही.

परंतु मैफलीत जो अहंकार गवयाला उभा करतो, तोच तालमीच्या खोलीत कुलूप होऊन बसतो. चीज, म्हणजे बंदिश, ही आमच्या उस्तादांनी मिरास मानली. शागिर्दाने वर्षानुवर्षे सेवा करावी, त्याला चिजेचा पहिला भाग, अस्थाई, मिळावी आणि दुसरा भाग, अंतरा, मात्र घरच्या मुलासाठी राखून ठेवलेला असावा, अशा हकीकती प्रत्येक घराण्यात आहेत. मुलीच्या हुंड्यात चिजा दिल्याचेही सांगतात. यात केवळ मत्सर पाहणे अन्यायाचे होईल. ज्याला ना इनाम ना वतन, ज्याचा दरबारी तनखा धन्याच्या मर्जीवर चालू वा बंद व्हायचा, त्याच्यापाशी दुसऱ्याजवळ नसलेल्या पाचपन्नास चिजा हीच काय ती दौलत होती.

तरीही या राखणदारीत एक विलक्षण विसंगती दडलेली आहे. रचनाकार आपली मुद्रा, म्हणजे आपले नाव, बहुधा अंतऱ्यातच गुंफतो. अठराव्या शतकात मुहम्मदशाह बादशहाच्या दिल्ली दरबारी असलेल्या नियामतखाँने ख्याल रचले आणि त्यांत ‘सदारंग’ हे आपले नाव धन्याच्या नावाशेजारी बसवले. हा अहंकारच होता. पण तो मोठा धोरणी होता. चीज जितक्या कंठांतून फिरेल तितके नाव फिरेल, हे त्याने ओळखले होते, आणि म्हणून बादशाही बुडाली तरी सदारंग आजही रोज गायला जातो. ज्या उस्तादाने अंतरा दाबून ठेवला, त्याने शिष्याला तर फसवलेच, पण ज्या पूर्वजाच्या अभिमानाने तो चीज जपत होता, त्याचे नावही पुसून टाकले.

या संदर्भात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र मला फार विचारार्ह वाटते. व्यवसायाने वकील असलेले हे गृहस्थ 1904 सालापासून देशभर हिंडले, उस्तादांचे नकार सोसले, आणि प्रौढ वयात रामपूरच्या वजीरखाँचे शिष्यत्व पत्करले. पुढे त्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडो चिजा अंतऱ्यासकट, स्वरलिपीसह, कोणाही विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. स्वतःचा ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ मात्र 1910 मध्ये त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाआड प्रसिद्ध केला. यावरून त्यांना निरहंकारी ठरवण्याचा मोह होतो, पण तो भाबडेपणा आहे. अवघे रागसंगीत दहा थाटांत बसवू पाहणारा आणि त्यासाठी नामांकित घराण्यांशी वाद घालणारा पुरुष नम्र होता असे कोण म्हणेल? त्यांचा अहंकार प्रचंड होता. तो फक्त मालकीवर न खर्चता कामावर खर्चला गेला. छापील चीज निष्प्राण असते, हा त्यांच्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. पण निष्प्राण चिजेत प्राण भरणारा गवई उद्या जन्माला येऊ शकतो. लुप्त झालेल्या चिजेच्या बाबतीत तीही आशा उरत नाही.

ध्वनिमुद्रणाचे युग आले तेव्हा नावाचा हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहिला. 1902 साली गायिका गौहरजान यांनी तबकडीच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत मोठ्या ठसक्यात उच्चारले. त्यात मिरवणूक होती तशी सोयही होती, कारण तबकड्या जर्मनीत घडत आणि तेथील कारागिरांना गाणारे कोण हे कळावे लागे. उलट गवई भास्करबुवा बखल्यांची एकही ध्वनिमुद्रिका आपल्यापाशी नाही. मात्र बालगंधर्व, मास्तर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य त्यांनी हातचे न राखता घडवले आणि 1911 मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. त्यामुळे न ऐकलेल्या बुवांचे गाणे आपण आजही ओळखतो.

येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी वडिलांच्या हातच्या, मोडीत लिहिलेल्या चिजांच्या वह्या आहेत हे मी जाणतो. त्यांच्या नकला परिषदेच्या दफ्तरी जमा कराव्यात, असा ठराव उद्याच्या सभेत येणार आहे. त्याला ‘मुद्रेसह’ हा शब्द जोडण्याची उपसूचना मी आत्ताच देऊन ठेवतो. आणि आज रात्री गाणाऱ्या कलावंतांना माझी विनंती, जी त्यांनी अध्यक्षांचा हुकूम समजावा, अशी की वेळ संपत आली म्हणून अंतरा गाळू नये. कार्यवाहांनी घड्याळ दाखवलेच, तर त्यांना माझ्याकडे पाठवून द्यावे.