पुडीवरचं नाव



आपल्या पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा तापी परिसर कारखान्यातून साखरेचं पोतं निघतं, तेव्हा त्यावर कारखान्याचं नाव असतं. किराणा दुकानात पोतं फुटलं, साखर किलोकिलोनं गेली, की नाव बारदानावरच राहतं. गिऱ्हाईक नुसतं 'साखर द्या' म्हणतं. मिरची कुटून तिखट विकणाऱ्या बचत गटाला हे परवडणारं नाही. त्यांचं गिऱ्हाईक नाव घेऊन परत आलं पाहिजे.

ते नाव म्हणजे ट्रेडमार्क. पण 'शुद्ध तिखट' हे नाव सहसा नोंदलं जात नाही. तसं तर सगळेच म्हणतात. गावाचं नावही एकट्याच्या मालकीचं होत नाही. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, पण तो तिथल्या उत्पादकांचा सामाईक हक्क. आपलं नाव आपणच शोधायचं. ते आधी कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं.

ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी लहान उद्योगाला ४,५०० रुपये लागतात. मसाले ३०व्या वर्गात येतात. तपासणीनंतर नाव जर्नलमध्ये छापतात आणि हरकतीसाठी ४ महिने देतात. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत 'रजिस्टर्ड' छापू नका, त्याला दंड आहे.

आता नक्कल. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर पाण्याची बादली घेतलेली मुलगी होती, भोवती गाई-कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीनं मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा दिला, हातात विळा दिला, गाई-कोंबड्या तशाच! खालच्या न्यायालयांना फरक पुरेसा वाटला. सर्वोच्च न्यायालयानं १९७२मध्ये पार्लेच्या बाजूनं निकाल दिला. गिऱ्हाईक काही दोन पुडे शेजारी ठेवून बिस्किटं घेत नाही. त्याच्या डोळ्यांत एकूण रूप राहतं. मला हा निकाल वकिलांपेक्षा बाजार ओळखणाऱ्यांचा वाटतो.

नोंदणी नसली तरी आधीपासूनच्या वापराला कायदा मान देतो, पण तो वापर सिद्ध करावा लागतो. म्हणून पहिल्या विक्रीचं बिल आणि पहिली छापील पिशवी आजच फाइलला लावून ठेवा.