जुनी डिझेल मोटार घेतांना

दिवाळीपूर्वींच्या सौद्यांत बेदाण्याचें मोल ठरलें आणि देणेंघेणें भागवून हातांत कांहीं रक्कम उरली, म्हणजे कवठे महांकाळच्या परिसरांतील पुष्कळ घरांत मोटारीची गोष्ट निघते. नवी मोटार घेण्याची ऐपत सर्वांचीच नसते. म्हणून वापरलेली पाहावयाची असें ठरतें. रोजचें अंतर मोठें असल्यामुळें डिझेलची मोटार परवडेल, असाहि हिशेब मांडला जातो. इंधनापुरता हा हिशेब बरोबर असतो. इंजिनाचें आयुष्य किती उरलें आहे, हा आंकडा मात्र त्यांत बहुधा धरलेला नसतो.

या गांवच्या एका शिक्षकांवर कांहीं वर्षांपूर्वीं अशी खरेदी करण्याचा प्रसंग आला. त्यांच्या मातोश्रींना मूत्रपिंडाच्या विकारामुळें आठवड्यांतून दोन वेळां डायलिसिससाठीं मिरजेस न्यावें लागे. अंतर चाळीस किलोमीटरांच्या आसपास. एस्. टी.चा प्रवास जातांना कसाबसा सोसे, परततांना सोसत नसे. आणि भाड्याची मोटार पगारांत बसेना. तीन लाख रुपयांच्या आंत मिळेल ती, पण वाटेंत बंद न पडणारी मोटार त्यांना हवी होती. मोटारींतलें त्यांना फारसें कळत नव्हतें, म्हणून त्यांनीं आपल्या चुलत्यांना बरोबर घेतलें. तात्यांनींहि मोटार कधीं बाळगली नव्हती. त्यांनीं तरुणपणीं विहिरीवर डिझेल इंजिन मात्र वीस वर्षें चालविलें होतें.

वस्तुतः डिझेल इंजिनाची ओळख या भागाला मोटारीच्या पुष्कळ आधीं झाली. सातारा रोडच्या कूपर कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धापूर्वींच अशीं इंजिनें बनूं लागलीं होतीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं वसविलेली किर्लोस्करवाडी तर याच जिल्ह्यांत. त्यांच्या घराण्याचा डिझेल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस निघाला. वीज येण्यापूर्वीं दुष्काळी तालुक्यांतल्या विहिरींचें पाणी अशाच इंजिनांनीं उपसलें. तें इंजिन हातानें सुरू करावें लागे. आधीं डोक्यावरची कळ उचलून दाब मोकळा करावयाचा, हँडल जोरानें फिरवून चाकाला वेग द्यावयाचा आणि ऐन वेळीं कळ सोडावयाची. कळ न उचलतां हँडल सावकाश फिरविलें, तर एका ठिकाणीं तें हाताला अडे. जितकें कडक अडे तितकें इंजिन तरुण. तें मऊ लागूं लागलें कीं रिंगा बदलण्याची वेळ आली, असें चालविणारा समजे.

या अडण्यांतच डिझेल इंजिनाचें सारें मर्म आहे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा आणि इंधन यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. तेथें पिस्टन नुसती हवा दाबतो. इतकी, कीं तिचें आकारमान सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शाएवढें उरतें आणि ती पांचशे अंश सेल्सिअसच्याहि पलीकडे तापते. त्या हवेंत डिझेलचा बारीक फवारा उडाला कीं तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें असें इंजिन यशस्वी करून दाखविलें. १९३६ सालीं मर्सिडीझ-बेंझ कंपनीनें तें आपल्या २६० डी या प्रवासी मोटारींत बसविलें. त्यानंतर टर्बो आले, संगणक आले. परंतु पेट घेण्याची रीत तीच राहिली. रिंगा झिजल्या किंवा वॉल्व्ह नीट बसेनासे झाले, म्हणजे दाबलेली हवा फटींतून निसटते, पुरेशी तापत नाहीं आणि इंधन अर्धवट जळतें. इंजिन तापलेलें असतां हा दोष बराचसा झांकला जातो, कारण सिलिंडरच्या भिंतीच हवेला ऊब देतात. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाला अशी मदत कोणाचीच नसते.

सांगलींत एका दलालाकडे पाहिलेली पहिली मोटार दिसावयास फार देखणी होती. २०१३ सालची, आंकडा बासष्ट हजार किलोमीटरांचा. किल्ली फिरवितांच इंजिन सुरू झालें. शिक्षकांचा चेहरा खुलला. तात्यांनीं मात्र इंजिनाच्या झांकणावर तळहात ठेवला.

"हिला कुणीतरी आधींच तापवलीया," ते म्हणाले. आणि दलालाकडे वळून, "शेठ, उद्या सकाळीं सहाला येतों. तंवर गाडीला हात लावायचा न्हाई."

दलालाला तें रुचलें नाहीं. तरी त्यानें मान्य केलें. मार्गशीर्षांतल्या थंडींत दुसऱ्या दिवशीं सकाळीं काका-पुतणे पुन्हां हजर झाले. झांकण गार होतें. तात्यांनीं पुतण्याला किल्लीशीं बसविलें आणि आपण डोळे मिटून उभे राहिले. स्टार्टर चालू झाला म्हणजे चारी सिलिंडर आळीपाळीनें अडतात, आणि निरोगी इंजिनांत त्या अडण्याचा ठेका सारखा पडतो. येथें तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला ठेका लंगडत होता. बराच वेळ किल्ली धरून ठेवल्यावर इंजिन पेटलें तें हेलकावे खात, आणि सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघूं लागला. तो पांच मिनिटांनींहि थांबला नाहीं.

धुराच्या रंगाविषयीं बाजारांत पुष्कळ गैरसमज आहेत. थंड इंजिनांतून येणारा झोंबरा पांढरा धूर म्हणजे न जळलेलें डिझेल. तो क्षणभर दिसला तर दोष लहानहि असूं शकतो. सिलिंडर आधीं गरम करणारे जे छोटे हीटर प्लग असतात, त्यांतला एखादा बिघडला तरी असा धूर निघतो. इंजिन तापल्यावरहि पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचें पाणी घटूं लागलें, तर मात्र हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन अधिक व हवा कमी. त्याचें कारण तुंबलेल्या एअर फिल्टरपासून बिघडलेल्या इंजेक्टरपर्यंत कोणतेंहि असेल. ऑईलच्या काळेपणाला भिण्याचें मात्र कारण नाहीं. पेट्रोलच्या मोटारीवरून डिझेलकडे आलेले गृहस्थ ऑईलची काडी काढून नाक मुरडतात. डिझेल इंजिनांत नवें ऑईलहि थोड्याच दिवसांत काजळीनें काळें होतें. तें दुधाळ दिसलें तर पाणी मिसळलें असें समजावें. आणि काडीवरील पातळी खुणेच्या वर चढलेली असून वास डिझेलचा येत असला, तर मोटार कितीहि स्वस्त असो, निरोप घ्यावा.

तात्यांनीं आणखी एक परीक्षा केली. इंजिन चालू असतां त्यांनीं ऑईल भरण्याचें बूच सैल केलें. तेथून हलकी वाफ येणें स्वाभाविक आहे. या मोटारीचें बूच मात्र भोकावर थडथडूं लागलें. पिस्टनच्या कडेनें निसटलेला दाब खालून वर येत होता. बासष्ट हजार किलोमीटरांत असें होत नाहीं. क्लचच्या पायट्यावरील रबर झिजून गुळगुळीत झालें होतें, तेंहि आंकड्याशीं जुळत नव्हतें. आंकडा मागें फिरवितां येतो. पायट्याचें रबरहि बदलतां येतें. पण तेवढी दक्षता विकणाऱ्याला बहुधा सुचत नाहीं.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागें सुमारें तीस रुपयांचें अंतर होतें. ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचे दर सरकारी नियंत्रणांतून पूर्णपणें मुक्त झाले. त्या स्वस्ताईच्या काळांत ज्यांना खूप हिंडावयाचें होतें त्यांनींच मुख्यतः डिझेलच्या मोटारी घेतल्या. तेव्हां त्या सालांतील मोटार फारशी चाललीच नाहीं असें कोणी म्हणालें, तर त्याच्याकडून दुरुस्तीच्या पावत्या मागाव्या. नियमानें ऑईल बदललेलें दीड लाखाचें इंजिन, दुर्लक्ष झालेल्या साठ हजारांच्या इंजिनापेक्षां पुष्कळदां चांगलें निघतें.

दुसरी मोटार अनपेक्षितपणें कवठ्यांतच निघाली. एका निवृत्त पशुवैद्यांची. आंकडा एक लाख चौसष्ट हजार, दाराला पोचा, रंग उडालेला. इंजिन फियाटच्या मूळ रचनेचें, १.३ लिटरचें. मारुती, टाटा आणि फियाट या तिन्ही नांवांच्या मोटारींत तें बसविलें जात असे. त्यामुळें त्याचे सुटे भाग आणि तें उघडणारा मिस्त्री तालुक्याच्या गांवींहि सांपडतो. ही सोय कमी महत्त्वाची नाहीं. मारुतीनें एप्रिल २०२० मध्यें नवे प्रदूषण-नियम लागू झाले तेव्हां डिझेल मोटारी बनविणें थांबविलें, तरी जुन्या मोटारींची सेवा त्यावांचून अडली नाहीं.

ही मोटार पशुवैद्यांनीं वाड्यावस्त्यांवर, मुरमाच्या रस्त्यांनीं हिंडविलेली. म्हणून तात्यांचें लक्ष प्रथम गेलें तें धुळीकडे. या भागांत पाऊस थोडा आणि फुफाटा फार. मुरमाच्या व खडीच्या धुळींत जे कठीण कण असतात, ते हवेबरोबर सिलिंडरांत शिरले तर घासकागदासारखें काम करतात. एअर फिल्टर नवा दिसला म्हणून समाधान मानूं नये. तो विकण्याच्या आदल्या दिवशींहि बसवितां येतो. फिल्टरची पेटी उघडावी आणि फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आंत, स्वच्छ बोट फिरवून पाहावें. बोटाला कोरडी धूळ लागली तर ती आजवर इंजिनाच्या पोटांत जात होती. पशुवैद्यांच्या मोटारींत बोट स्वच्छ निघालें. शिक्षकांनीं स्वतःहि एकदां फिरवून खात्री केली.

तशीच चौकशी इंधनाची. शेतावर पिंपांत साठविलेलें डिझेल हें या भागांत नवल नाहीं; त्यांत पाणी उतरतें, गंज उतरतो. आधुनिक इंजिनांतील पंप व इंजेक्टर यांना डिझेलचाच स्निग्धपणा वंगण म्हणून मिळत असतो, आणि पाणी किंवा रॉकेल मिसळलें कीं तें वंगण जातें. एक इंजेक्टर बदलावयाचा तर हजारोंनीं पैसे मोजावे लागतात. मिस्त्रीनें डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सैल करून थोडें डिझेल कांचेच्या पेल्यांत काढलें. तळाशीं पाणी नव्हतें. मग संगणकाची तार जोडून त्यानें चारी इंजेक्टरांचे आंकडे पाहिले. ते एकमेकांच्या जवळपास होते. एवढी तपासणी थोडक्या पैशांत होते, आणि तरी खरेदी करणारे दहांतले नऊजण ती टाळतात, हें आश्चर्यच म्हटलें पाहिजे.

मात्र सकाळच्या थंडींत हीच मोटार सुरू होतांना तीन-चार सेकंद अडखळली आणि पांढऱ्या धुराचा एक लोट सोडून मोकळी झाली. शिक्षक घाबरले. मिस्त्रीनें हीटर प्लग तपासले. एक मेलेला होता. बूच सैल केलें तर जागच्या जागीं होतें.

शेवटची परीक्षा घाटमाथ्याच्या चढावर झाली. चौघेजण बसवून मोटार घाटनांद्र्याकडे नेली. चढावर टर्बोची ओढ एकसारखी मिळते कीं मध्येंच तुटते, शीळ वाढत जाते काय, तापमानाचा कांटा जागेवर राहतो काय, हें सपाट रस्त्यावर कळत नाहीं. टर्बोचें चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें, आणि त्याचा आधार इंजिन ऑईलच्या पातळ थरावर असतो; म्हणून ऑईलची आबाळ झालेल्या मोटारींत बहुधा तोच आधीं बोलूं लागतो. माथ्यावर पोंचल्यावर मिनिटभर इंजिन तसेंच चालूं ठेवून मग बंद केलें, नळ्यांचे सांधे पाहिले. ऑईलचा किंचित् ओलसरपणा होता, गळती नव्हती. रेडिएटरचें बूच तापलेलें असतां उघडावयाचें नसतें. त्यासाठीं अर्धा तास थांबावें लागलें, आणि तेवढ्यांत पशुवैद्यांनीं वाड्यावस्त्यांवरच्या आपल्या साऱ्या फेऱ्यांची हकीकत सांगून टाकली.

२०२० नंतरची मोटार असती तर काजळी अडविणाऱ्या फिल्टरचाहि विचार करावा लागला असता. लांबच्या प्रवासांत तो आपली काजळी आपण जाळतो. गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्या मोटारींत तुंबतो. कागदपत्रांचें काम त्या मानानें सरळ आहे: कर्जाचा बोजा उतरलेला असावा, आणि नोंदणीला पंधरा वर्षें होण्यास किती अवकाश आहे तें पाहावें, कारण त्यानंतर तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे खर्च येतात. परप्रांतांतून स्वस्तांत आलेल्या मोटारींचे ना-हरकत दाखले तर दोनदां वाचावे.

व्यवहार दोन लाख साठ हजारांवर ठरला. उरलेल्या चाळिसांतून चारी हीटर प्लग, फिल्टर, ऑईल आणि दोन टायर झाले. दाराचा पोचा तसाच राहिला. त्यानंतरच्या सोमवारीं पहांटे साडेपांचला शिक्षकांनीं मातोश्रींना मागच्या बाजूस उशी देऊन बसविलें आणि किल्ली अर्धी फिरविली. तात्या कांबळें पांघरून दाराशीं उभे होते.

"पिवळा दिवा इझूं दे," ते म्हणाले, "मग फिरीव."

दिवा विझला. शिक्षकांनीं किल्ली पुढें फिरविली, आणि मोटार मिरजेच्या रस्त्याला लागली.