जुगाडाची मुदत

१९७० साली अपोलो १३च्या तिघा अंतराळवीरांनी मुख्य यान बिघडल्यामुळे चांद्रयानात आसरा घेतला, तेव्हा कार्बन डायऑक्साइड शोषणारे मुख्य यानातले डबे निघाले चौकोनी आणि चांद्रयानातली खाच गोल! प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळ्या आणि चिकटपट्टी यांवर निभावलं. तो जुगाड उत्तमच, कारण त्याला फक्त पृथ्वी गाठेपर्यंत टिकायचं होतं.

संगणकातले जुगाड मात्र मुक्काम ठोकतात. जागा वाचवायला जुने प्रोग्रॅम वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवत. २००० साल जवळ आलं, तेव्हा शतक ओळखण्याचा घोळ टाळायला अनेकांनी साठवलेली माहिती न बदलता नियम घातला, की ठरावीक आकड्याखालचं वर्ष नव्या शतकातलं समजायचं. पण तो आकडा ओलांडला, की घोळ पुन्हा दारात. वेळ आणि पैसा नसेल तर दुसरं काय करणार, हा आक्षेप रास्तच आहे. मग निदान कारण आणि मुदत प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवावी. काही जुगाडांना मात्र एक दिवसाचीही मुदत देता येत नाही. फ्यूज वितळतो म्हणून घर वाचतं. त्याजागी जाड तार घातली, तर भिंतीतली वायर तापून पेटू शकते. तुमच्याकडे तशी तार असेल, तर आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा.